आधी करंट बघ

परभणीतली थंडीची सकाळ आम्हाला आधी ऐकू यायची, मग दिसायची. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा 5 अंशांच्याही खाली उतरला होता, हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून यायचं. गल्लीतल्या किका ते आदल्याच दिवशी सांगून मोकळ्या व्हायच्या. समोरच्या वाड्यातून एक किक, मग दुसरी, मग पाच-सहा लागोपाठ, मग शांतता. त्या शांततेत चोक ओढला जायचा. पुन्हा किका. चौदाव्या-पंधराव्या किकेला इंजिन एकदा खोकायचं, दोनदा खोकायचं आणि मग फटफटत धरायचं. निळसर धूर तुळशीवृंदावनावरून गल्लीत यायचा आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘निघाले वाटतं काका.’

आता शेजारचे कामावर कधी निघतात ते कळत नाही. बटण दाबलं की गाडी सुरू, आणि विजेवरची असेल तर तेवढाही आवाज नाही. ते एखाद्या दिवशी गेलेच नाहीत, अंथरुणात तापानं पडून राहिले, तरी आपल्याला पत्ता लागायचा नाही. तेव्हा किक वीसच्या पुढे गेली की गल्लीतून कुणी तरी हातात पाना घेऊन निघायचंच. कुणाला बोलवावं लागत नसे.

मराठवाड्यात 1972 हे साल दुष्काळाचं म्हणून सांगतात. खडी फोडायची कामं, सुकडी, तळ दिसणाऱ्या विहिरी. त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि त्याच वर्षी आकुर्डीच्या बजाजची चेतक आणि नगरच्या फिरोदियांची लूना रस्त्यावर आली. लूना 50 सीसीची. पायडल मारून सुरू करायची, आणि नाहीच झाली तर सायकलसारखी पायडल मारत घरी आणायची. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. आमच्या भागात बहुतेक गाड्या आल्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या हातून, म्हणजे पहिल्या मालकानं तिचे लाड करून झाल्यावर आणि तिच्या खोड्या पक्क्या झाल्यावर. त्या खोड्यांवर आमची पिढी वाढली. आम्ही गाडी चालवायला शिकलो त्याच्या आधी दोन वर्षं गाडी सुरू करायला शिकलो होतो.

आजच्या मुलांना हे सांगितलं की ती विचारतात, पण बंद का पडायची? प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की ती दोन स्ट्रोकची इंजिनं होती. पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं, लिटरला साधारण 20 मिली. पंपावरचा पोऱ्या मापानं ओतायचा आणि गाडी गदागदा हलवून ते मिसळायचं. ते ऑइलही पेट्रोलबरोबर जळायचं, पण पुरतं नाही. उरलेली काजळी जाऊन बसायची ती नेमकी प्लगच्या टोकावर. प्लगच्या दोन टोकांमधली फट एक मिलिमीटरही नसते. त्यात काजळीचा एक कण आडवा पडला की करंट त्या कणातून निसटून जायचा आणि ठिणगी पडायचीच नाही. चांगली चालती गाडी भर रस्त्यात गप्प व्हायची. तिला दुसरं काहीही झालेलं नसायचं.

स्टेशन रोडच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचे उस्ताद बसत. उर्दूतून दखनीत आणि दखनीतून मराठीत ते सहज ये-जा करत. गाडी घेऊन कुणीही आलं आणि ‘उस्ताद, सुरूच होईना,’ म्हणालं की ते आपल्या पोऱ्याकडे न बघता म्हणत, ‘पैले करंट देखो. बाद में पेट्रोल. सबके बाद में इंजिन कू हात लगाव.’ हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. समोरचा माणूस कितीही घाईत असो, सांगून आलेला असो की कार्बोरेटरातच कचरा आहे, तरी आधी प्लग निघायचा. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते वाक्य तिथून उचलून आमच्या घरात आणलं. गणित चुकलं तरी ते म्हणत, ‘आधी करंट बघ.’ म्हणजे मोठी चूक शोधायच्या आधी साधी चूक शोध.

आता उस्तादांच्या शेडच्या जागी मोबाइलची दुकानं आहेत. आजच्या गाडीला करंट बघायची सोय राहिली नाही असं नाही, प्लग तिलाही आहे. पण तो इतक्या आत, इतक्या झाकणांखाली असतो की तिथवर हात पोचेपर्यंत माणूस विचार बदलतो. गाडीत काय बिघडलं ते गाडीतली एक चिप ठरवते आणि मीटरवर पिवळा दिवा लावते. दिव्याचा अर्थ आपल्याला कळत नाही. तो कळायला एक यंत्र लागतं, ते यंत्र सर्व्हिस सेंटरमध्ये असतं, आणि सर्व्हिस सेंटरला रविवारी सुट्टी असते.

मला नीट आठवतो तो दिवस जूनमधला आहे. माझं वय अकरा-बारा. आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जिंतूरला एका नातेवाइकाकडे साखरपुडा होता आणि आम्ही दोघं स्कूटरवर निघालो होतो. झरी मागं पडली आणि बोरी यायची होती, तेवढ्यात गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. आदल्या रात्री पहिला पाऊस होऊन गेलेला. काळी माती मडगार्डमध्ये इतकी भरलेली की चाक फिरताना घासल्याचा आवाज येत होता. वर मात्र ऊन लखलखीत. रस्त्यावर सावली नावाला एक बाभूळ, तीही दोनशे पावलांवर.

आण्णांनी डिकीतून पिशवी काढली. त्या पिशवीत प्लगचा पाना होता, पेपरात गुंडाळलेला जुना पण साफ केलेला प्लग होता, पॉलिश पेपरचा तुकडा होता, हॅकसॉ ब्लेडचा बोटभर तुकडा होता आणि एक जुनं पोस्टकार्ड होतं. त्यांनी पाना लावून प्लग सोडवला. तो इतका तापलेला की धोतराच्या सोग्यात धरावा लागला. आधी त्यांनी त्याचं टोक वास घेऊन बघितलं. मग मला दाखवलं. टोक ओलं होतं. ‘ओलं आहे म्हणजे काय?’ त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. ‘पेट्रोल येतंय. जळत नाही. कोरडं असतं तर पेट्रोलच येत नसतं, मग कॉक आणि नळी बघितली असती.’ त्यांनी प्लग कॅपमध्ये परत बसवला, त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या हेडला टेकवलं आणि मला किक मारायला सांगितलं. मी मारली. काही दिसलं नाही. पुन्हा मारली. ते म्हणाले, ‘ऊन आहे. उन्हात ठिणगी दिसत नाही. सावली पाहिजे.’

मी गाडीवर वाकून उभा राहिलो, पण माझी सावली पुरली नाही. तेवढ्यात एक बैलगाडी थांबली. मग सायकलवरचा एक दूधवाला. मग डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या दोघी बायका, त्याही भारा न उतरवता थांबल्या. ‘काहून थांबलाव गुरुजी?’ बैलगाडीवाल्यानं विचारलं. आण्णा म्हणाले, ‘करंट बघायचाय.’ त्याला जास्त काही सांगावं लागलं नाही. तो खाली उतरला, खांद्यावरचं चवाळं काढलं आणि दोन हातांनी गाडीवर धरलं. दूधवाला दुसऱ्या बाजूनं उभा राहिला. गवताच्या भाऱ्यांची सावली तिसऱ्या बाजूनं पडली. त्या माणसांच्या सावलीत मी तिसरी किक मारली आणि प्लगच्या टोकावर एक बारीक, पिवळट, मलूल ठिणगी दिसली. सगळ्यांना दिसली. दूधवाला म्हणाला, ‘हाय की!’ आण्णा म्हणाले, ‘आहे, पण कमजोर आहे. निळी पाहिजे.’

पॉलिश पेपरनं टोक घासलं. मग हॅकसॉ ब्लेडचा तुकडा फटीत सरकवून बघितला. हाताच्या हॅकसॉचं पातं जाडीला साधारण 0.6 मिलिमीटर भरतं आणि प्लगची फटही जवळजवळ तेवढीच लागते. कोणत्याही पुस्तकात हे मी वाचलं नाही, पण आमच्या भागातल्या प्रत्येक स्कूटरवाल्याकडे हे पातं होतं. ब्लेड सैल गेलं की टोक दगडावर हलकेच ठोकायचं, अडकलं की पान्याच्या कडेनं उचलायचं. मग प्लग पुन्हा टेकवला, पुन्हा किक, आणि आता टक्क आवाज झाला, निळा. गाडी दुसऱ्या किकेला धरली. बैलगाडीवाल्यानं चवाळं खांद्यावर टाकलं आणि कुणी आभार मानायच्या आत निघून गेला. जिंतूरला पोचेपर्यंत साखरपुडा उरकला होता.

ही आठवण गोड आहे असं लिहिताना माझा हात थबकतो. ती माझी आठवण आहे, आण्णांची नाही. मी मागच्या सीटवर होतो. साखरपुड्याला उशीर झाल्याचा अपमान त्यांनी सोसला. शाळेत उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाची रजा मांडली जायची, तीही त्यांची. आमच्या पिढीला या गाड्यांची जी माया वाटते, त्यातली बरीच माया मागच्या सीटवरून केलेली आहे. हँडल धरणाऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, बटण द्या आणि मला मोकळं करा.

आणि खरोखरच तेव्हाचं बरंच काही वाईट होतं. जेटमध्ये कचरा अडकला की आम्ही तो तोंडानं फुंकायचो. टाकीतलं पेट्रोल नळीनं ओढून काढताना घोटभर तोंडात जायचंच, आणि आम्ही थुंकून हसायचो. त्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. देशभर ते बंद झालं 1 फेब्रुवारी 2000 ला. म्हणजे आमचं सगळं बालपण, सगळं कॉलेज त्या फुंकण्या-ओढण्यात गेलं. रेशनवरचं निळं रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळून विकलं जायचं, त्यानं प्लग काळाठिक्कर व्हायचा आणि आम्ही दोष प्लगला द्यायचो. ठिणगी बघताना प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते हे कुणाच्या लक्षात नसायचं. कुणाच्या भुवया जळाल्या, कुणाचा हात. आणि धूर. आम्ही ज्याला प्रेमानं ‘टू स्ट्रोकचा वास’ म्हणतो, तो अर्धवट जळालेल्या ऑइलचा वास होता. त्यातून शाळेत जाणारी पोरं श्वास घेत होती.

माझी मोठी बहीण तालुक्याच्या गावी शिक्षिका होती. तिच्याकडे गाडी होती, पण साडीत आठ-दहा किका मारणं तिला जमायचं नाही. रोज सकाळी ती दारात गाडी काढून उभी राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या कुणाला तरी म्हणायची, ‘दादा, जरा किक मारून देता का?’ कुणी ना कुणी मारून द्यायचं. पण परतताना शाळेच्या आवारात तेच, रस्त्यात बंद पडली तर तेच. स्वतःची गाडी असून ती रोज दोनदा कुणाच्या तरी उपकाराखाली असे. 1984 साली कायनेटिकनं होंडाशी हातमिळवणी केली आणि बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आली. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी ती घेतली, मग बहिणीनंही पैसे साठवून घेतली. पहिल्या दिवशी तिनं अंगणात गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. असं चार वेळा केलं. किकेच्या आठवणी काढणाऱ्या आम्हा पुरुषांनी हा चार वेळांचा हिशोब विसरू नये.

आज तिची नात बारावीत आहे आणि क्लासला एकटी गाडीवर जाते. रात्री साडेआठला खानापूर फाट्यावरून परत येते. गाडी बंद पडेल ही भीती तिच्या मनात नाही आणि तिच्या आईच्याही नाही. याच्यापुढे माझ्या पिशवीतल्या हॅकसॉ ब्लेडची किंमत किती?

तरीही ती पिशवी मला फेकवत नाही. का फेकवत नाही, याचा मी बराच विचार केला. प्लग आमच्या घरात होता तसा तो मोठ्या जगातही होता, आणि आम्हाला त्याची ओळख होती, हे एक कारण असावं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमच्याकडची म्हण परगावच्या माणसानं ऐकली की तो हसतो. पण 1902 साली स्टुटगार्टला बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड नावाच्या इंजिनिअरनं मॅग्नेटोतून हजारो व्होल्टचा करंट काढून प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडायची युक्ती बसवली. तीच युक्ती झरीच्या पुढे बैलगाडीवाल्याच्या चवाळ्याखाली आम्ही डोळ्यांनी बघितली. आमचे प्लग असत ते बहुधा मायकोचे, बंगळूरचे. मायको ही बॉशचीच कंपनी, आणि 2008 साली तिचं नावही बॉश झालं. म्हणीतली जर्मनी आणि परभणी त्या एका मिलिमीटरहून कमी फटीत खरोखर समोरासमोर उभी होती.

दुसरं कारण उस्तादांचे कान. दोन स्ट्रोकच्या इंजिनात फ्लायव्हीलच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असलं तर ठिणग्याही 3000, म्हणजे सेकंदाला 50. त्यातल्या दोन-चार चुकल्या की उस्ताद चहाची बशी खाली ठेवून म्हणत, ‘मिसिंग मारती.’ चालकाला ते कळलेलंही नसायचं. मग ते फ्लायव्हीलच्या खिडकीतून आतले पॉइंट बघत. दोन बारीक धातूंचे ठिपके, एकमेकांवर आपटणारे. ते उघडले की ठिणगी, मिटले की तयारी. काजळले असले तर पोस्टकार्ड मधे धरून ओढायचं, कार्डावर काळा ठिपका उमटायचा. उमटायचा थांबला की पॉइंट साफ. वारंवार जळत असले तर कंडेन्सर गेला. पावसाळ्यात ओल धरली तर फडक्यानं पुसून थोडं उन्हात. आणि एक गोष्ट ते नेहमी सांगत: बाहेर ठिणगी दिसली म्हणून आत पडतेच असं समजू नका, आत दाबलेली हवा असते, तिथं करंटाला उडी मारायला जड जातं. बाहेर शूर आणि आत मलूल असे प्लग त्यांनी खूप बघितले होते.

आम्ही त्या प्लगची टोकं वाचायला शिकलो, ज्योतिषी हात वाचतो तशी. तपकिरी, विटकरी टोक म्हणजे सगळं ठीक. काळं आणि तेलकट म्हणजे ऑइल जास्त झालं किंवा हवा कमी पडते. पांढरंफटक म्हणजे इंजिन फार तापतंय, जपा. आणि काही विधी असे होते की त्यांचा उपयोग होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. स्कूटर एका बाजूला आडवी करायची आणि मग उभी करून किक मारायची, पेट्रोल कार्बोरेटरात उतरतं म्हणून. प्लग काढून गॅसवर लालबुंद करायचा, आई ओरडायची, चिमट्यानं उचलून गरम गरमच बसवायचा. घरी पोचायच्या दोनशे पावलं आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा. शेवटी हात धुवायचे ते साबणानं नाही, आधी राखेनं, मग मातीनं, मग साबणानं, आणि तरीही रात्री भाकरीला पेट्रोलचा वास यायचा.

आता हात स्वच्छ असतात. मागच्या वर्षी पुतण्याची गाडी बंद पडली, योगायोगानं जिंतूर रोडलाच. 1 एप्रिल 2020 नंतरची गाडी, त्यामुळे कार्बोरेटर नाही, पेट्रोल मोजून आत फवारणारं इंजेक्शन. किकही नाही. त्यानं फोन केला, लोकेशन पाठवलं आणि गाडीच्या बाजूला उभा राहिला. मी पोचलो तेव्हा तो तास-दीड तास तिथं होता. रस्ता आता रुंद आहे, वाहनं भरपूर आहेत. मी त्याला विचारलं, कुणी थांबलं का? तो म्हणाला, ‘कशाला थांबतील काका? मी फोनवर होतो ना.’ खरं होतं. फोनवर असलेल्या माणसाला मदत लागत नाही असंच सगळे समजतात. तशी मदत त्याला लागतही नव्हती. टेंपो आला, गाडी गेली, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आली. बिलावर एका सेन्सरचं नाव होतं. तो सेन्सर कसा दिसतो, कुठं बसतो, बिघडला म्हणजे त्याला काय झालं, हे पुतण्यानं विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलं नाही. पाच वर्षांत गाडी बंद पडली ती एवढी एकदाच. आमची आठवड्यातून दोनदा पडायची. हा हिशोब मी त्याच्या बाजूनंच मांडतो.

पण आमच्या वेळी बिघाड झाला की तो शेवटी आमच्या तळहातावर यायचा. काळा, ओला, तापलेला, पण दिसणारा. त्याचं नाव आम्हाला माहीत असायचं. गाडी दुरुस्त झाली की काय दुरुस्त झालं हे अकरा वर्षांच्या पोरालाही सांगता यायचं. आज गाडी आमच्यापेक्षा शहाणी झाली आहे, तिचं भलं झालं आहे, आणि आमचा तिच्याशी संबंध किस्त आणि पेट्रोल एवढाच उरला आहे. मी हळहळतो ते किकेसाठी नाही. त्या चवाळ्यासाठी हळहळतो, ज्याच्या सावलीत अनोळखी माणसं गाडीभोवती वाकली होती आणि एका बारीक ठिणगीची वाट बघत होती.

या श्रावणात पाथरीकडे चुलतभावाच्या शेतावर गेलो होतो. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं, कपाशीला पाती लागलेली. बांधावर त्याचा मुलगा पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप खाली ठेवून दोरी ओढत होता. दहा वेळा, बारा वेळा. पंप गेल्या हंगामापासून कोपऱ्यात पडून होता, टाकीत मागचं पेट्रोल तसंच. त्यानं दोरी सोडली, घाम पुसला, आणि खिशातून एक छोटा पाना काढला.

माझ्या गाडीत आण्णांची पिशवी होती. मी धावत जाऊन तिच्यातला पाना आणला. तो बसला नाही. स्कूटरच्या प्लगला 21चा पाना लागतो, या पंपाच्या प्लगला 19चा. त्याच्याकडे 19चा होताच. हॅकसॉचं पातं मात्र त्यानं माझ्या हातातून घेतलं, फटीत घालून बघितलं आणि मान हलवली. कुठं शिकलास, विचारलं तर म्हणाला, मोबाइलवर बघून, आणि थोडं असंच. जुनं पेट्रोल त्यानं ओतून टाकलं. मी म्हटलं, हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवत जा, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे, म्हणजे कार्बोरेटरात काही राहणार नाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. तो हो म्हणाला. मग त्यानं प्लग कॅपमध्ये बसवला, अंग इंजिनला टेकवलं आणि दुसऱ्या हातानं दोरी धरली. ‘आधी करंट बघू,’ तो म्हणाला.

ऊन कडक होतं. त्याला काहीच दिसलं नाही. मी उन्हाकडे पाठ करून त्याच्यावर वाकलो आणि छत्री उघडून पंपावर धरली. त्यानं दोरी ओढली. ठिणगी निळी होती.